उन्हाळ्यातील लग्नसराई आणि चेहऱ्याची चमक : क्रीम घ्यावे की पावडर?

आपल्याकडे लग्नसराई आणि कडक उन्हाळा ही दोन्ही बरोबरच येतात. परीक्षा संपलेल्या असतात, मुलांना सुट्या लागलेल्या असतात, शेतातली कामे थोडी हलकी झालेली असतात. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत गावोगाव मांडव पडतात. मुहूर्त दुपारी साडेबाराचा असला तर मांडवाखाली जमलेल्या माणसांची उष्णता, छायाचित्रकाराचे दिवे आणि वरचे ऊन या तिन्हींचा मारा नवरीच्या चेहऱ्यावर होतो. सकाळी आठ वाजता तासभर बसून केलेला मेकअप अक्षता पडेपर्यंत ओघळलेला असतो. नवरीचेच कशाला, करवलीचे, नवऱ्या मुलाच्या आईचे आणि दिवसभर पाहुण्यांचे करणाऱ्या काकू-मावशींचेही तेच होते.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा असता तर आरोग्याच्या सदरात त्याला जागा दिली नसती. परंतु उन्हाळ्यात चुकीचे प्रसाधन वापरल्यामुळे मुरुम उठणे, त्वचेला खाज सुटणे, काळे डाग पडणे, डोळे लाल होणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या तरुण मुली त्वचारोगतज्ज्ञांना नेहमी दिसतात. लग्नाचा दिवस निघून जातो, डाग मात्र महिनोन् महिने राहतो. म्हणून सध्या मुलींच्या विशेष आवडीच्या ‘हायलायटर’ या प्रसाधनाविषयी आज थोडे सविस्तर पाहू.

हायलायटर म्हणजे काय?

गालाच्या हाडाचा वरचा भाग, भुवईखालचे हाड, नाकाचा दांडा अशा उंच भागांवर उजेड पडला की ते चमकावेत, यासाठी लावायचे प्रसाधन म्हणजे हायलायटर. ते मुख्यतः दोन प्रकारांत मिळते. एक क्रीम किंवा कांडी आणि दुसरी दाबून वडी केलेली अथवा सुटी पावडर.

दोन्हींतील चमक बहुधा एकाच पदार्थाची असते. तो पदार्थ म्हणजे अभ्रक. अभ्रकाच्या अतिशय पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवला की त्यांना मोत्यासारखी झळाळी येते. हा थर किती जाड आहे यावर झळाळी रुपेरी दिसणार की सोनेरी, हे ठरते. पापुद्र्यांचे कण बारीक असले तर रेशमासारखी मऊ चमक येते आणि मोठे असले तर ते सुटे सुटे चमचमतात.

फरक आहे तो हे कण कशात मिसळले आहेत त्यात. क्रीममध्ये ते तेल आणि मेणात कालवलेले असतात. पावडरमध्ये ते शंखजिऱ्यासारख्या कोरड्या भुकटीत मिसळून, वडी सुटू नये म्हणून थोडा चिकट पदार्थ घालून दाबलेले असतात. म्हणजे क्रीम घेताना आपण चेहऱ्यावर थोडे तेल-मेण लावत असतो आणि पावडर घेताना तेल-पाणी शोषणारी भुकटी लावत असतो. एवढे ध्यानात ठेवले तर पुढची निवड सोपी होते.

उन्हाळ्यात चेहऱ्यावर काय घडते?

आपल्या त्वचेत घाम तयार करणाऱ्या आणि तेल तयार करणाऱ्या ग्रंथी वेगवेगळ्या असतात. तेलाच्या ग्रंथींची दाटी कपाळ, नाक आणि हनुवटीवर जास्त असते. त्वचेचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की तेलाचे स्रवण साधारण दहा टक्क्यांनी वाढते, असे १९७० साली इंग्लंडमध्ये झालेल्या अभ्यासात आढळले होते. त्यामुळे हिवाळ्यात ठीक असलेला चेहरा मे महिन्यात तेलकट का होतो, याचे नवल वाटायला नको.

घामाचे काम शरीर थंड करण्याचे आहे. घाम वाळतो तेव्हा तो अंगातील उष्णता घेऊन जातो. चेहऱ्यावर तेला-मेणाचा जाड थर असला तर घाम त्याच्याखाली साठतो, थराला फोडून वर येतो आणि मेकअपच्या रेघा ओघळतात. तेलाच्या ग्रंथींची तोंडे अशा थराने बुजली तर मुरुम येतात. प्रसाधनांमुळे येणाऱ्या या मुरुमांचे वर्णन अल्बर्ट क्लिगमन आणि ओटो मिल्स या अमेरिकन संशोधकांनी १९७२ साली केले. हे मुरुम लगेच येत नाहीत. प्रसाधन काही आठवडे वा महिने वापरल्यानंतर हळूहळू उठतात. त्यामुळे खरे कारण बाईच्या लक्षात येत नाही आणि मुरुम झाकण्यासाठी ती आणखी जाड थर देते.

आपल्या गावची हवा कोणती?

उन्हाळा सगळीकडे सारखा नसतो. अकोला, नागपूर, चंद्रपूर, जळगाव या भागांत मे महिन्यात पारा ४३ ते ४५ अंशांपर्यंत जातो, पण हवा कोरडी असते. घाम आला की लगेच वाळतो. ओठ फुटतात, गाल ओढल्यासारखे होतात. याउलट रत्नागिरी, सिंधुदुर्ग, मुंबई आणि गोव्यात पारा ३३-३४ अंशांवरच असतो, परंतु हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही. तो चेहऱ्यावर तसाच राहतो.

म्हणून मुंबईच्या मावशीने सांगितलेली पावडर विदर्भातल्या भाचीला शोभेलच असे नाही. आधी हवा पाहावी, मग त्वचा पाहावी आणि त्यानंतर डबी निवडावी.

आपली त्वचा कशी ओळखावी?

यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. सौम्य साबणाने वा फेसवॉशने चेहरा धुऊन हलक्या हाताने टिपावा आणि त्यावर काहीही न लावता एक तास थांबावे. मग पातळ टिश्यू कागद कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल यांवर क्रमाने दाबावा. सगळीकडे तेलाचा डाग उमटला तर त्वचा तेलकट समजावी. कोठेच डाग नाही आणि गाल ताणल्यासारखे वाटतात, तर ती कोरडी. कपाळ-नाकाला डाग आणि गाल कोरडे असतील तर ती मिश्र त्वचा. पुष्कळ जणींची त्वचा मिश्र असते. ही परीक्षा उन्हाळ्यात पुन्हा करावी, कारण ऋतूप्रमाणे त्वचा बदलते.

कोणी काय घ्यावे?

१. तेलकट त्वचा, दमट हवा : दाबलेली पावडर घ्यावी. तीही अगदी पातळ. क्रीमच्या वाटेला जाऊ नये.

२. तेलकट त्वचा, कोरडी हवा : पावडरच बरी. परंतु आधी पाण्यासारखे हलके मॉइश्चरायझर लावून ते पाच मिनिटे मुरू द्यावे. नाहीतर पावडर कोरड्या जागी पांढरी पडते.

३. कोरडी त्वचा, कोरडी हवा : क्रीम घ्यावे. मात्र गव्हाच्या दाण्याएवढे क्रीम दोन्ही गालांना पुरते. त्याहून अधिक लागले तर ती चमक न राहता तेलकटपणा होतो.

४. कोरडी त्वचा, दमट हवा : क्रीमचा पातळ हात द्यावा आणि त्यावर पावडर नुसती टेकवावी.

५. मिश्र त्वचा : गालांवर क्रीम चालेल. कपाळ आणि नाक यांना हायलायटर लावूच नये. तेथे उन्हाळा स्वतःच चमक आणतो.

६. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या स्त्रिया : पावडर बारीक सुरकुत्यांत जाऊन बसते आणि सुरकुत्या उठून दिसतात. त्यांनी बारीक कणांचे, मऊ चमकेचे क्रीम अगदी थोडे वापरावे.

७. मुरुम असलेल्या मुली : मुरुमांवर चमक लावली की तो उंचवटा अधिक दिसतो. मुरुम बरे होईपर्यंत हायलायटर टाळावा. वापरायचाच तर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ असा उल्लेख असलेली पावडर घ्यावी. या शब्दाचा अर्थ छिद्रे न बुजवणारे. कोको बटर, खोबरेल तेल, आयसोप्रोपिल मायरिस्टेट असे घटक यादीत वरच्या बाजूला दिसले तर मुरुम येणाऱ्या त्वचेने ते क्रीम दूर ठेवलेले बरे.

आजीच्या फणेरपेटीतला धडा

क्रीम आधी की पावडर आधी, हा प्रश्न अनेक मुली विचारतात. त्याचे उत्तर आपल्या आजी-पणजीच्या फणेरपेटीत होते. त्या पेटीत कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असे. बायका कपाळावर आधी मेणाचे बोट टेकवीत आणि त्यावर कोरडे कुंकू लावीत. मेणाने कुंकू धरून ठेवले जाई आणि कुंकवाने मेण कोरडे होई. त्यामुळे दिवसभर चुलीपुढे बसूनही कपाळावरचे कुंकू सहसा ओघळत नसे.

हायलायटरचाही क्रम तोच. खाली क्रीम, वर पावडर. उलट केले, म्हणजे पावडरवर क्रीम घासले, तर भुकटी आणि तेल यांचे गोळे होतात आणि डाग पडतात. पूर्ण क्रम असा ठेवावा. चेहरा धुणे, हलके मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, मग फाउंडेशन लावायचे असल्यास त्याचा पातळ थर, त्यानंतर क्रीमचे हायलायटर, आणि शेवटी पावडर.

क्रीम बोटाच्या टोकाने थोपटत लावावे, चोळू नये. लावल्यावर टिश्यू कागद एकदा हलकेच दाबून वरचे तेल टिपून घ्यावे. पावडर ब्रशावर घेतल्यावर ब्रश डबीच्या कडेवर झटकावा. तोंडाने फुंकर मारू नये. फुंकरीने भुकटी नाकातोंडात जाते आणि थुंकीचे कण ब्रशावर येतात.

समारंभात घाम आला तर चेहरा पुसू नये. स्वच्छ, मऊ सुती रुमाल दाबून घाम टिपावा. ओल्या चेहऱ्यावर पुन्हा पावडर थापली तर तिचा चिखल होतो. आधी टिपावे, मिनिटभर पंख्याखाली बसावे आणि मगच गरज असल्यास पावडरचा हात फिरवावा.

रंग निवडताना

दुकानात रुपेरी, पांढरट हायलायटर आधी डोळ्यांत भरते. आपल्या गव्हाळ, सावळ्या वर्णावर मात्र ते राखेसारखे दिसते आणि छायाचित्रात पांढरा पट्टा उमटतो. गव्हाळ रंगाला फिकट सोनेरी, सावळ्या रंगाला मधाळ सोनेरी किंवा तांबूस आणि गडद वर्णाला तांब्याच्या भांड्यासारखी झाक शोभते. चमकेचे काम आहे त्या रंगाला उठाव देण्याचे. रंग बदलण्यासाठी हायलायटर लावू नये. त्यासाठी लावले तर ते फसतेच.

रंग पाहताना तो जबड्याच्या कडेला थोडा लावून दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात यावे आणि आरशात पाहावा. मात्र दुकानातल्या उघड्या नमुन्यात अनेकांची बोटे गेलेली असतात. तो नमुना डोळ्यांना किंवा ओठांना लावून पाहू नये.

कोठे लावू नये?

मुंडावळ्या कपाळावरून दोन्ही गालांवर उतरतात आणि नेमक्या गालाच्या हाडावर घासत राहतात. त्या जागी तेलकट क्रीम असले तर मोती आणि फुले तेथे चिकटतात, क्रीम पुसले जाते आणि घर्षणाने त्वचा लाल होते. म्हणून विधी चालू असेपर्यंत नवरीच्या गालावर पावडरचा पातळ हात पुरेसा आहे. चमक द्यायचीच असेल तर ती संध्याकाळच्या स्वागतसमारंभाला द्यावी. त्या वेळी ऊनही उतरलेले असते.

दुसरी गोष्ट वांगाची. गालाच्या हाडांवर आणि कपाळावर तपकिरी चट्टे येतात त्यांना आपण वांग म्हणतो. गरोदरपणात अनेक स्त्रियांना ते येतात आणि उन्हाने वाढतात. हायलायटर लावण्याची जागा आणि वांगाची जागा एकच आहे. चमकेमुळे चट्टा अधिक ठळक होतो. वांग असलेल्या स्त्रियांनी त्या जागी चमकविरहित, रंगीत सनस्क्रीन लावावे. त्यातील लोहाच्या ऑक्साइडमुळे उन्हाबरोबरच दृश्य प्रकाशापासूनही काहीसे संरक्षण मिळते.

तिसरी जागा डोळ्यांची. मोठ्या कणांची चमकी डोळ्यांत गेली तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो. रांगोळीत किंवा हस्तकलेत वापरायची चमकी तर चेहऱ्याला कधीही लावू नये. डोळ्यांत काही गेले तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि लाली वा टोचणे राहिले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

चमक म्हणजे उन्हापासून संरक्षण नव्हे

काही हायलायटरच्या डबीवर ‘एसपीएफ’ असा आकडा असतो. त्यावर विसंबू नये. सनस्क्रीनचा आकडा ठरवताना त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा जाड थर धरलेला असतो. एवढे हायलायटर कोणीच लावत नाही. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मधले बोट या दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघांएवढे सनस्क्रीन लागते. ते एसपीएफ ३० किंवा अधिक असावे, बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे आणि उन्हात राहणे झाल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. डोक्यावर पदर, ओढणी किंवा छत्री असेल तर उत्तमच.

विकत घेताना काय पाहावे?

जत्रेत, आठवडी बाजारात किंवा रेल्वेच्या डब्यात मिळणारी चकचकीत डबी स्वस्त असते, पण ती कोणी केली हे कळत नाही. डबीवर किंवा खोक्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची अंतिम तारीख असावी. परदेशी माल असेल तर आयातदाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक पाहावा. घटकांची यादी पुष्कळदा बाहेरच्या खोक्यावरच असते. म्हणून खोके लगेच फेकून देऊ नये. ॲलर्जी झाली तर तीच यादी डॉक्टरांना उपयोगी पडते.

डबीवर झाकण उघडलेल्या बरणीचे छोटे चित्र असते आणि त्यात ‘६ एम’, ‘१२ एम’ किंवा ‘२४ एम’ असे लिहिलेले असते. डबी उघडल्यापासून तितके महिने ती वापरावी, असा त्याचा अर्थ. उघडल्याची तारीख डबीच्या तळाशी लिहून ठेवावी.

क्रीमची डबी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीत ठेवू नये. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, पण त्यात तेल मिसळले की मिश्रण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते आणि तेल सुटून वर येते. क्रीमवर तेलाचे थेंब दिसू लागले, वास बदलला किंवा रंग बदलला तर ते टाकून द्यावे. पावडर उन्हाने बिघडत नाही, पण ओल्या ब्रशाने आणि घामाने तिच्यावर कडक साय धरते. तीही फेकण्याची वेळ समजावी.

पावडरीविषयी एक शंका हल्ली विचारली जाते, ती शंखजिऱ्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ साली शंखजिऱ्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले. माणसांच्या बाबतीतला पुरावा मुख्यतः जननेंद्रियांजवळ पावडर वापरणाऱ्या स्त्रियांमधील बीजकोशाच्या कर्करोगाविषयीचा आहे आणि तो मर्यादित आहे. लग्नाकार्यात गालाला लावलेल्या चिमूटभर पावडरीने घाबरून जाऊ नये. मात्र भुकटी उडवू नये, दमा असलेल्यांनी सुट्या पावडरऐवजी दाबलेली वडी वापरावी आणि लहान मुलांच्या हाती डबी देऊ नये. शंखजिरे नसलेल्या पावडरीही मिळतात.

दहा दिवस आधी चाचणी

लग्नाच्या सकाळी नवी डबी उघडणे हे टाळलेच पाहिजे. निदान दहा दिवस आधी चाचणी करावी. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर ते प्रसाधन दिवसातून दोनदा, सात दिवस लावावे. खाज, लाली, पुरळ काहीही आले नाही तर चेहऱ्याला लावण्यास हरकत नाही. पुष्कळांना प्रसाधनातील सुगंधी द्रव्यांची किंवा ते टिकवण्यासाठी घातलेल्या पदार्थांची ॲलर्जी असते. आपल्यासारख्या वर्णाच्या त्वचेवर लाली ओसरल्यानंतरही काळपट डाग बराच काळ राहतो. म्हणून ही चाचणी महत्त्वाची.

तसेच हळदीच्या आदल्या दिवशी ब्लीच, जोरकस फेशियल किंवा खरखरीत उटण्याने घासणे टाळावे. सोललेल्या त्वचेवर हळद, घाम, क्रीम आणि ऊन एकापाठोपाठ आले की जळजळ ठरलेली. असे उपचार करायचेच असतील तर ते निदान आठवडाभर आधी उरकावेत.

ब्रश आणि बोटे

लग्नघरात एकच डबी आणि एकच ब्रश दहा जणींच्या चेहऱ्यावरून फिरतो. ओठावरील तापाचे फोड, डोळे येणे, पू धरणारे पुरळ अशा गोष्टी त्यातून एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतात. ब्युटी पार्लरमधल्या ताईंना स्वच्छ ब्रश वापरण्यास आणि क्रीम बोटाने न काढता छोट्या चमच्याने काढून घेण्यास सांगावे. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. चांगल्या पार्लरमध्ये हे न सांगताच केले जाते. घरचे ब्रश आठवड्यातून एकदा शाम्पूने धुऊन, सावलीत आडवे ठेवून पूर्ण वाळवावेत.

रात्री चेहरा धुतल्याशिवाय झोपू नये

वरातीहून आल्यावर कितीही दमणूक झाली तरी मेकअप उतरवूनच झोपावे. क्रीम तेल-मेणाचे असल्यामुळे ते नुसत्या पाण्याने निघत नाही. कापसावर थोडे तेल किंवा मेकअप काढण्याचे द्रावण घेऊन हलके पुसावे आणि नंतर सौम्य फेसवॉशने धुवावे. मुरुम येणाऱ्यांनी तेल चेहऱ्यावर राहू देऊ नये. पावडर पाण्याने आणि फेसवॉशने निघते, पण चमकेचे कण चिकटून राहतात. म्हणून दोनदा धुवावे. जोरात घासू नये. शेवटी हलके मॉइश्चरायझर लावावे.

‘ग्लो’ देणाऱ्या क्रीमपासून सावध

या विषयातील सर्वांत गंभीर धोका हायलायटरच्या डबीत नसून तिच्या शेजारी ठेवलेल्या ‘आठ दिवसांत ग्लो’ देणाऱ्या डबीत असतो. लग्न ठरले की अनेक मुली अशी क्रीम आणतात. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा खरोखर उजळ आणि नितळ दिसतो. नंतर त्वचा पातळ होते, लाल रेघा दिसू लागतात, गालावर केस येतात, मुरुम उठतात आणि क्रीम थांबवले की चेहरा भाजल्यासारखा होतो. पातळ झालेल्या त्वचेची ती चकाकी म्हणजे आजाराचे लक्षण आहे. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत, म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमांवर बंधन घातले.

काही बेनामी क्रीममध्ये पारा असतो. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. २०२३ साली केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात आणि आपल्याकडे अकोल्यात, गोरे करणारी क्रीम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार जडल्याची उदाहरणे पुढे आली. पाऱ्याची संयुगे घालून प्रसाधने बनवण्यास आपल्या कायद्यात बंदी आहे. म्हणूनच लेबल नसलेले, पत्ता नसलेले, ‘खास बनवून दिलेले’ क्रीम कितीही जवळच्या माणसाने दिले तरी वापरू नये. असे क्रीम वापरत असताना पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला तर ती डबी बरोबर घेऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

मुलीच्या घरच्यांनाही येथे एक सांगावेसे वाटते. ‘लग्नापर्यंत जरा उजळ व्हायला हवी’ हे वाक्य घरात सहज बोलले जाते आणि त्या वाक्यापोटी मुलगी गुपचूप अशी डबी आणते. ते वाक्य घरात बोलले गेले नाही तर अर्धे काम होईल.

पाणी प्यावे

मेकअप बिघडेल म्हणून किंवा शालूत स्वच्छतागृहात जाणे अवघड म्हणून पुष्कळ नवऱ्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. त्यात उपास घडलेला असतो. ४३ अंशांच्या उन्हात, जड शालू आणि दागिने अंगावर असताना हे धोक्याचे आहे. चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पोटऱ्यांत गोळे ही उष्णतेची लक्षणे आहेत. करवलीने दर अर्ध्या तासाने नवरीला पाणी, लिंबू सरबत, कैरीचे पन्हे किंवा ताक द्यावे. नळी वापरली तर ओठांचा रंगही जात नाही. चक्कर आली तर विधी थोडा थांबवून तिला सावलीत, पंख्याखाली बसवावे आणि ओल्या कापडाने मान व हात पुसावेत. ती असंबद्ध बोलू लागली किंवा शुद्ध हरपली तर वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नये.

थोडक्यात

• दमट हवा आणि तेलकट त्वचा असेल तर पावडर. कोरडी हवा आणि कोरडी त्वचा असेल तर थोडेसे क्रीम.
• दोन्ही वापरायचे तर खाली क्रीम, वर पावडर.
• आपल्या वर्णाला सोनेरी, तांबूस झाक. पांढरट चमक नको.
• मुरुम, वांग, मुंडावळ्यांची जागा आणि डोळ्यांची कड येथे चमक नको.
• आधी सनस्क्रीन, मग बाकीचे सारे.
• नवी डबी असेल तर दहा दिवस आधी कोपराजवळ चाचणी.
• पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेले काहीही चेहऱ्याला लावू नये.
• रात्री चेहरा धुऊनच झोपावे.

हायलायटर लावलेच पाहिजे असेही नाही. नीट झोप, पुरेसे पाणी, सनस्क्रीन आणि स्वच्छ धुतलेला चेहरा यांवर हलकासा हात पुरेसा होतो. चट्टे, खाज किंवा मुरुम दोन आठवड्यांत कमी झाले नाहीत तर घरगुती उपाय करीत न बसता त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या त्वचारोग विभागातही दाखवता येते. जाताना वापरलेल्या सर्व डब्या पिशवीत घालून बरोबर न्याव्यात, म्हणजे नेमके कारण शोधणे डॉक्टरांना सोपे जाते.